डोंगरातलं छोटं लग्न: फोटोंसाठी बोलावण्याआधी लोक आम्हाला काय काय विचारतात

आम्ही नवरा-बायको दोघं वाईला राहतो आणि दोघंही फोटो काढतो. पसरणीचा घाट चढला की पाचगणी, पुढे महाबळेश्वर, त्यामुळे निम्मं काम घरापासून तासाभराच्या अंतरावर. बाकीचं भंडारदऱ्यापासून आंबोलीपर्यंत कुठेही. पाच ते चाळीस माणसांची लग्नं घेतो, त्याहून मोठी नाही. फोनवर रोज तेच प्रश्न येतात आणि घाटात रेंज गेली की उत्तर अर्धवट राहतं, म्हणून सगळं इथे लिहून ठेवलंय.

छोटं लग्न म्हणजे नक्की किती माणसांचं?

आपल्याकडे लग्न मोजायचं ते पानांवर. किती पानं उठणार यावरून कार्यालय, आचारी, सगळं ठरायचं, आणि फोटोग्राफरचा दरही. आम्हीही पूर्वी तसलीच लग्नं करायचो. हजार पानं, स्टेजवर आहेराची रांग, आणि रांगेतल्या प्रत्येकाबरोबर नवरा-नवरीचा एक फोटो. मग २०२० मध्ये लग्नाला पन्नासच माणसं असा नियम आला. एप्रिल २०२१ मध्ये तर पंचवीस माणसं आणि दोन तासांत सगळं आटपा, इथवर आलं. तेव्हा पहिल्यांदा कळलं की वीस माणसांच्या लग्नात फोटोग्राफरला बघायला वेळ मिळतो. नवरीचे बाबा कोणत्या खांबाआड जाऊन डोळे पुसतात, ते दिसतं. निर्बंध उठल्यावर बहुतेक जण हॉलकडे परत गेले. आम्ही नाही गेलो.

चाळीसची मर्यादा का, तर त्याच्या वर गेलं की माइक लागतो, माइक आला की स्टेज येतं, आणि स्टेज आलं की मागचा डोंगर नुसता पडदा होऊन बसतो.

म्हणजे पळून जाऊन केलेल्या लग्नांचे फोटोही काढता का?

परदेशातल्या डोंगरांतल्या लग्नांचे फोटो बघून हल्ली पुष्कळ जण 'आम्हाला पळून जाऊन लग्न करायचंय' असं हसत हसत सांगतात. चौकशी केली तर आई-बाबा, दोन्हीकडची भावंडं, झाडून सगळी येणार असतात. पळायचं असतं ते हॉल, रुखवत आणि मानपानापासून. त्यांना आम्ही आनंदाने हो म्हणतो.

खरोखर घर सोडून आलेली जोडपीही येतात. अशा लग्नांची आपल्याकडची वाट पूर्वीपासून आळंदीला जाते, डोंगरात नाही. पण तिथे लग्न लागल्यावर एक दिवस महाबळेश्वरला येऊन चार बरे फोटो हवेत, असं वाटणारे असतात. वयाचा पुरावा आम्ही सगळ्यांकडेच मागतो, मुलगा २१ आणि मुलगी १८ पूर्ण, तेव्हा राग मानू नका. घरच्यांकडून जिवाची भीती असेल तर फोटोग्राफरच्या आधी पोलिसांना आणि वकिलाला गाठा. अशा जोडप्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष असावा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच दिलेले आहेत.

डोंगरावर लावलेलं लग्न कायद्याने धरतात का?

जागेचं बंधन नाही, विधींचं आहे. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. ज्या पद्धतीत सप्तपदी आहे, तिथे सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण झालं. ते कार्यालयात पडलं की कातळावर, याची कायद्याला पर्वा नाही. उलट, या कायद्याखाली विधी न करता नुसतं प्रमाणपत्र काढलं तर ते लग्न होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. म्हणून वारा सुटला, उशीर झाला आणि कोणी म्हणालं की 'गुरुजी, सप्तपदीचं राहू द्या', तर मी कॅमेरा खाली ठेवून भांडतो. सातही पावलांचे फोटो आम्ही सलग काढतो. नोंदणीचा नमुना ड आधीच भरून आणा. त्यावर तीन साक्षीदारांच्या आणि गुरुजींच्या सह्या लागतात, आणि गुरुजी एकदा घाट उतरले की आठवडाभर हाती लागत नाहीत.

रजिस्टर लग्न करणाऱ्यांसाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा. त्यात तीस दिवसांची नोटीस लागते, नोटिशीआधी दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात सलग तीस दिवस वास्तव्य लागतं, आणि तीन साक्षीदार लागतात. विवाह अधिकाऱ्याने वाजवी अंतरावर दुसऱ्या ठिकाणी येऊन लग्न लावण्याची सोय कायद्यात आहे, पण तिच्या भरवशावर डोंगरावरची तारीख ठरवू नका. बहुतेक जोडपी कार्यालयातल्या सह्या आधी उरकतात आणि डोंगरावर फक्त हार, चार शब्द आणि जेवण ठेवतात. दोन आठवड्यांच्या रजेवर परदेशातून येणाऱ्यांना ती तीस दिवसांची अट हमखास नडते. विमानाची तिकिटं काढण्याआधी बघून घ्या.

आणि पुरोहिताशिवाय, थोडक्यात लग्न म्हटल्यावर घरात कोणी 'ही काय नवी टूम' म्हणालं, तर सांगा की सत्यशोधक पद्धतीचं पहिलं लग्न महाराष्ट्रात १८७३ साली लागलं.

कोणत्या महिन्यात करावं?

खरी अडचण इथेच आहे. पंचांगाचं आणि डोंगराचं पटत नाही. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत चातुर्मास, लग्नाचे मुहूर्त बंद. आणि सह्याद्री हिरवा असतो तो नेमका तेव्हाच. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सोनकीने पठारं पिवळी झालेली असतात, ओढे वाहते, हवा धुऊन काढलेली, आणि पहाटे कड्यावर उभं राहिलं तर खाली कोकणावर ढगांची गादी पसरलेली. पंचांगात बघावं तर पितृपक्ष.

ज्यांना मुहूर्ताशी देणंघेणं नाही त्यांनी डोळे मिटून हे दिवस घ्यावेत. ज्यांच्या घरी मधला मार्ग चालतो त्यांनी गुरुजींना काढीव मुहूर्त विचारावा. आणि पक्का मुहूर्तच हवा असेल तर तुळशीच्या लग्नानंतरचे अगदी पहिले मुहूर्त धरा. गवत सोनेरी व्हायला लागलेलं असतं, पण ओढ्यांना अजून पाणी असतं. आमची डायरी त्या पंधरा दिवसांत सगळ्यात आधी भरते.

डिसेंबर-जानेवारीत हवा स्वच्छ आणि पहाट बोचरी. वेण्णा तलावाच्या काठी कधी कधी दव गोठतं. नवरी कुडकुडायला लागली की चेहऱ्यावर दुसरं काही उमटत नाही, म्हणून जाड लोकरीची शाल आणा, फोटोत ती छानच दिसते. फेब्रुवारीपासून दरीत धुरकटपणा साचतो, समोरची रांग पुसट होते, जळलेल्या गवताचे काळे पट्टे दिसायला लागतात. तेव्हा लांबचं दृश्य सोडून द्यायचं आणि जवळचं बघायचं. पांगारा, सावर, पळस फुललेले असतात, महाबळेश्वर-माथेरानला अंजनीवर जांभळा फुलोरा येतो. मे महिना गर्दीचा, पण त्याच्या शेवटी वळवाचे ढग चढतात, तसं आकाश वर्षभरात पुन्हा मिळत नाही. विजा चमकायला लागल्या की मात्र लगेच पठारावरून खाली.

त्याच सुमारास भंडारदऱ्याला काजवे असतात. काजव्यांमध्ये नवरा-नवरीचा फोटो मागू नका. त्यासाठी तुमच्यावर उजेड टाकावा लागतो आणि उजेडात काजव्यांना एकमेकांच्या खुणा दिसत नाहीत. त्यांचंही लग्नच चाललेलं असतं.

गुरुजींनी दुपारी १२ वाजून ३७ मिनिटांचा मुहूर्त काढलाय. फोटो चांगले येतील?

उघड्या कड्यावर नाही येणार. डोक्यावरच्या उन्हाने डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात, मुंडावळ्यांच्या सावल्या गालांवर पडतात आणि पांढरा फेटा पार जळून जातो. असा मुहूर्त असेल तर लग्न दाट झाडाखाली लावा, आंबा, जांभूळ, हिरडा, काहीही. विरळ झाड नको. कवडशांनी भरलेला चेहरा भर उन्हातल्या चेहऱ्यापेक्षा वाईट दिसतो. विधी सावलीत, मग जेवणं, मग तासभर पडा, आणि कड्यावर आपण पाचनंतर जाऊ.

खरं तर जुन्या लोकांनी फोटोग्राफरची सोय करून ठेवलेली आहे. गोरज मुहूर्त! गुरं घरी परतायची वेळ, तिरपं ऊन, हवेत थोडी धूळ. गुरुजींना आधी तोच विचारा. फक्त एक लक्षात ठेवा, आपल्याकडे सूर्य चटकन बुडतो. युरोपातल्या फोटोंवरून लोकांची समजूत होते की सूर्यास्तानंतर तासभर गुलाबी उजेड राहतो. इथे वीस-पंचवीस मिनिटं, की संपलं. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, मेअखेर सातनंतर. तेव्हा मंगलाष्टकं म्हणणाऱ्या हौशी मावश्या किती आहेत ते आधी मोजा. एका लग्नात पाच मावश्यांनी घरी रचून आणलेली कडवी एकेक करून म्हटली आणि शेवटचं 'सावधान' आम्हाला मोबाइलच्या टॉर्चवर काढावं लागलं. मावश्या खूश होत्या.

आणखी एक गोष्ट, जी जागेचे फोटो बघून कळत नाही. सह्याद्रीचे मोठे कडे पश्चिमेला, कोकणाच्या बाजूला तुटलेले आहेत. सकाळी ऊन घाटमाथ्याकडून येतं, त्यामुळे कडा आणि दरी कितीतरी वेळ सावलीत असतात. तिथे संध्याकाळीच जायचं. पहाटेचं काही करायचं असेल तर पूर्वेला तोंड असलेली जागा शोधा, महाबळेश्वरच्या विल्सन पॉइंटसारखी, किंवा पाचगणीच्या अंगाने कृष्णेच्या खोऱ्यात बघणारी एखादी बाग.

किल्ल्यावर करता येईल का? नाहीतर मग कुठे?

किल्ल्यावर नाही. बहुतेक मोठे किल्ले संरक्षित स्मारकं आहेत. रायगड, राजगड, प्रतापगडासह बारा किल्ले २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, किल्ले हॉटेलांना आणि लग्नसमारंभांना देणार अशी नुसती बातमी २०१९ मध्ये आली तेव्हा काय गदारोळ झाला होता ते आठवा. लग्न झाल्यावर जोडीने जा, नतमस्तक व्हा, मोबाइलवर फोटो काढा. आम्ही बाडबिस्तरा घेऊन येणार नाही.

कासलाही नाही. तिथे कातळावर बोटभर माती आहे आणि ती सगळी फुलं तेवढ्याशा मातीवर उभी आहेत. घेरदार घागऱ्याची एक गिरकी पुरते. कोयना किंवा कळसूबाई-हरिश्चंद्रगडसारख्या अभयारण्यात आत जाऊन फोटो काढायलाही वन्यजीव कायद्याखाली वनखात्याची परवानगी लागते, आणि लग्न हे काही तिचं कारण होऊ शकत नाही. महाबळेश्वरच्या पॉइंटांवर परवानगीपेक्षा गर्दीचा प्रश्न मोठा. बॉम्बे पॉइंटला सूर्यास्ताच्या वेळी तुमच्या सप्तपदीभोवती भाजलेली कणसं खाणारे दोनशे पाहुणे फुकट मिळतील.

राहता राहिली खाजगी जागा: शेतघर, जुना बंगला, होमस्टे. आमची सगळ्यात चांगली लग्नं अशाच अंगणांत झालीत. मालकाची परवानगी लेखी घ्या. जागा बघायला जाल तेव्हा लग्नाच्या वेळेलाच जा, सकाळी अकराला जाऊन गोरजाचा अंदाज येत नाही. पश्चिमेला एखादी टेकडी असेल तर तुमचा सूर्यास्त पाऊण तास आधीच होतो. नऊवारी नेसायला चार भिंतींची खोली, मोठा आरसा आणि नेसवणारी बाई आहे का, ते बघा. संडास कुठे आहे तेही. दृश्याच्या नादात हे दोन प्रश्न कोणी विचारत नाही आणि लग्नाच्या दिवशी सगळे तेच विचारतात.

भंडारदरा आम्हाला फार आवडतं. समोर धरणाचं पाणी, बाजूला १,६४६ मीटरचा कळसूबाई, आणि महाबळेश्वरच्या मानाने आठवड्याच्या मधल्या वारी शांतता.

आजी-आजोबांना चालवत नाही. जमेल का?

गाडी ज्या जागेच्या दारात जाते तीच जागा घ्या, विषय संपला. आजी गाडीतच बसून राहिली आणि लग्न अर्धा किलोमीटर पलीकडे लागलं, असं आम्ही एकदा पाहिलंय, पुन्हा बघायचं नाही. माथेरानला गाड्या दस्तुरीलाच थांबतात, पुढे रिक्षा, घोडा, शटल गाडी किंवा पायपीट, तेव्हा तिथे वडीलधाऱ्यांसाठी सोय आधी ठरवून ठेवा. शिवाय तिथली लाल माती. साडीचा काठ दहा मिनिटांत लाल होतो आणि मातीचा लालसर रंग खालून चेहऱ्यावर चढतो. तो आम्ही नंतर काढतो, साडीवरचा मात्र राहतो.

होम करता येईल?

खाजगी जागेत, मालकाला विचारून. राखीव जंगलात आग पेटवणं हा गुन्हा आहे. फेब्रुवारी ते मे वणव्याचे दिवस, गवत वाळून कोळ झालेलं, त्यात डोंगरावरचा वारा. एक ठिणगी उडाली तर आख्खी सोंड पेटते. आम्ही सांगतो ते असं: तांब्याचं छोटं होमकुंड, खाली विटा आणि ओली माती, वाऱ्याच्या बाजूला आडोसा, पाण्याच्या दोन भरलेल्या बादल्या, आणि लग्नाशी काही संबंध नसलेला एक माणूस फक्त त्या बादल्यांपाशी. लाजाहोमाच्या लाह्या वाऱ्यावर उडून सासऱ्यांच्या मिशीत जातात, तो फोटो दर वेळी चांगला येतो.

वणव्यापेक्षा मला भीती आग्या मोहोळाची वाटते. कड्यांच्या कपारीत आणि उंच झाडांवर ती असतात. धूर, उग्र अत्तर, फटाके, यातल्या कशानेही माश्या उठतात आणि मग पळायला सपाट जागा नसते. आदल्या दिवशी आम्ही दुर्बिणीने कडा बघतो. मोहोळ दिसलं तर जागा बदलायची. यावर चर्चा होत नाही. अत्तर गाडीतच ठेवा.

ड्रोन आहे का?

आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमहून जड ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर ड्रोनची नोंदणी आणि उडवणाऱ्याकडे वैमानिक प्रमाणपत्र लागतं. हिरव्या क्षेत्रातही, म्हणजे जिथे उडवायला आगाऊ परवानगी लागत नाही तिथेही, ४०० फुटांच्या वर जायचं नाही. 'माझा मित्र घेऊन येतोय ड्रोन' हे आम्हाला चालत नाही. आमचाही ड्रोन विधींच्या वेळी बॅगेत असतो. मंगलाष्टकांत ती घूंघूं नको, आणि डोंगरातल्या घारींना तो आवडत नाही.

पाऊस आला, धुकं आलं तर?

जूनच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत घाटात आम्ही तारखाच देत नाही. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक याच दिवसांत. दरडी येतात, रस्ते बंद होतात, धबधब्यांवर आणि धरणांवर जिल्हाधिकारी बंदीचे आदेश काढतात. वीस माणसं आणि शेवाळलेला कातळ हे गणित आम्हाला सोडवायचं नाही.

धुकं मात्र सप्टेंबर-ऑक्टोबरातही येतं, विचारून येत नाही. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, फक्त बेत बदलायचा. समोर पांढरा उजेड बघून कॅमेरा फोटो काळपट करतो, म्हणून आम्ही एक्स्पोजर एखादा स्टॉप वर घेतो, म्हणजे कॅमेऱ्यात जवळपास दुप्पट उजेड घेतो. ऑटोफोकस चाचपडतो, म्हणून तुम्हाला जवळ बोलावतो. एसी गाडीतून दमट हवेत आणलं की लेन्सवर वाफ धरते, म्हणून बॅगा अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवतो. धुक्यात माणसांचे फोटो फार सुंदर येतात, सगळा उजेड मऊ असतो.

पण खोटं सांगणार नाही. केट्स पॉइंटच्या बाजूच्या एका जागेवर, समोर धोमचं पाणी दिसतं म्हणून जोडप्याने जागा घेतली होती. सकाळी सहापासून दुपारी दोनपर्यंत धुकं एकदाही फाटलं नाही. त्या अल्बममध्ये डोंगर नाहीच. वीस चेहरे आहेत आणि पांढरं आहे. दृश्यासाठीच सगळं करत असाल तर दुसऱ्या दिवशीची सकाळ हाताशी ठेवा, आणि पावसासाठी एक पडवी किंवा व्हरांडा.

काय नेसावं, पायात काय घालावं?

सप्टेंबरात हिरवा शालू नेसू नका, डोंगरात विरघळून जाल. तेव्हा कुंकवासारखा लाल, जांभळा, मोतिया. नोव्हेंबरनंतर गवत पिवळं पडलं की हिरवा आणि मोरपंखी उठून दिसतात. पायात कोल्हापुरी हवी तर ती विधींपुरती. ओल्या कातळावर आणि घसाऱ्यावर ती सरळ दरीकडे नेते. बूट घालून चाला, जागेवर बदला. भरपूर सेफ्टी पिना आणा, कारण डोंगरवाऱ्यात अंतरपाटाचं शीड होतं. पेढ्यांची परडी उघड्यावर ठेवायची नाही, माकडं नवरीच्या हातातूनही नेतात. हार तर त्यांना खाऊच वाटतो.

आम्ही बारा माणसं. दोन फोटोग्राफर कशाला? आणि दर कमी का नाही?

अंतरपाटामुळे. त्याच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला ती, आणि पाट खाली येतो त्या क्षणी दोघांचेही चेहरे बदलतात. एका माणसाला एकच चेहरा मिळतो. पुन्हा करा म्हणून सांगता येत नाही, केलं तरी तो चेहरा पुन्हा येत नाही. म्हणून एका बाजूला मी, एका बाजूला बायको. बारा जणांच्या लग्नात प्रत्येकाला काहीतरी काम असतं. अंतरपाटाचं एक टोक धरायला माणूस कमी पडला म्हणून डाव्या हातात पाट आणि उजव्या हातात कॅमेरा, असंही मी केलंय.

दर पानांवर नाही, दिवसांवर आहे. जागा बघायचा एक, लग्नाचा एक, आणि नंतर संगणकापुढे बारा-पंधरा. ते बारा माणसांना तेवढेच लागतात. कदाचित जास्तच, कारण छोट्या लग्नाचे फोटो न आलेल्यांसाठी असतात. हजार पानांच्या लग्नात सगळ्यांनी सगळं पाहिलेलं असतं. इथे तीनशे नातेवाइकांनी काहीच पाहिलेलं नसतं, आणि त्यांचे प्रश्न डोंगराबद्दल नसतात. कान कोणी पिळला, ओटी कोणी भरली, जेवायला काय होतं, मुलाकडचे कसे वाटले. म्हणून आम्ही पिठलं-भाकरीच्या ताटाचाही फोटो काढतो, भाकरी थापणाऱ्या काकूंचाही.

तिसरा हिस्सा आगाऊ, बाकी फोटो हातात आल्यावर. दरड आली, रस्ता बंद झाला तर तारीख बदलू, पैसे बुडणार नाहीत.

परदेशातल्या नातेवाइकांना व्हिडिओ कॉलवर दाखवता येईल?

घाटमाथ्यावर नेटवर्कची खात्री कोणी देऊ नये. मंगलाष्टकं मध्येच गोठली की पलीकडचेही रडतात आणि अलीकडचेही. विधींचा व्हिडिओ आम्ही त्याच रात्री वाईला पोचून पाठवतो. तरी प्रयत्न करायचाच असेल तर गोरज बघा. इथे संध्याकाळचे सहा असतात तेव्हा हिवाळ्यात न्यूयॉर्कला सकाळचे साडेसात वाजलेले असतात. १२:३७ च्या मुहूर्ताला तिथे मध्यरात्र उलटून गेलेली असते.

हिमालयात येता का? त्रियुगीनारायणला?

शिव-पार्वतीचं लग्न जिथे लागलं म्हणतात तिथे लग्न लावायची इच्छा आम्हाला समजते. पण तिथलं ऊन, तिथला पाऊस, तिथली माणसं आम्हाला ठाऊक नाहीत. तिकडचाच फोटोग्राफर घ्या.

प्री-वेडिंग करता?

नाही.

सगळे मूळ फोटो मिळतील का?

निवडलेले साडेतीनशे-चारशे फोटो सहा आठवड्यांत मिळतात. रॉ फाइल देत नाही, कच्चं पीठ कोणी वाढत नाही. दोन कार्डांवर एकाच वेळी फोटो लिहिले जातात आणि त्या रात्री झोपण्यापूर्वी तिसरी प्रत निघते.

आमचे फोटो इंटरनेटवर टाकता का?

लेखी हो असेल तरच. नाही म्हणालात तर कारण विचारत नाही. घर सोडून आलेल्यांच्या बाबतीत तर आम्हीच टाकत नाही, त्यांनी हो म्हटलं तरी पहिलं वर्षभर नाही. फाइलमधली जागेची माहितीही पुसून देतो, नाहीतर फोटोवरून होमस्टे सापडतो.

अशाच एका जोडप्याचा अल्बम दोन वर्षं आमच्या कपाटात होता. त्यांना तेव्हा पत्ता द्यायचा नव्हता. एका दुपारी मुलीची आई वाईला आमच्या दारात उभी राहिली. आम्ही आधी मुलीला फोन केला. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, दाखवा.

बाई खाली सतरंजीवर बसल्या आणि एकेक पान उलटत गेल्या. कड्याच्या फोटोवर थांबल्या नाहीत, सूर्यास्ताच्याही नाही. हातातल्या चुड्यावर थांबल्या. मामाच्या जागी कोण उभं आहे ते विचारलं, आम्ही सांगितलं, तिच्या ऑफिसातला मित्र. मग एका फोटोवर बोट ठेवून म्हणाल्या, "मुंडावळ्या कोणी बांधल्या? नीट बांधल्यात."

"मी," बायको म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि पुढचं पान उलटलं.